बस तोट्यात आहे, पण कुणाच्या काट्यावर?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर उसाचा दर आहे, शेतीपंपाची वीज आहे, आणि सगळ्यात शेवटी 'गावची बस' असा एक विषय आहे. शेवटचा विषय म्हणजे निम्मा मांडव रिकामा झाल्यावर उरकायचा विषय, असा आपला रिवाज आहे. सकाळी एकाने आम्हाला विचारलेही, "शेतकऱ्याच्या बैठकीत के.एम.टी.चं काय काम?" विचारणारा मोटारसायकलवरून आला होता. त्याच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती तीन मैल चालत फाट्यावर आली, तिथे वडापच्या जीपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर बसली आणि इथवर पोचली. तिने काही हा प्रश्न विचारला नाही.

म्हणून हा विषय आम्ही आज आधी घेतो.

सुरुवात काट्यापासून करू. ऊसकरी शेतकऱ्याला काटा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. ऊस तोच, ट्रॉली तीच, पण काटा बदलला की वजन बदलते. म्हणून आपण कारखान्यावर गेलो की भावाच्या आधी काटा विचारतो. उतारा कसा काढला, नमुना कुठून घेतला, हे विचारतो. पण बसच्या बाबतीत 'तुमच्या गावची गाडी तोट्यात आहे' असे कुणी म्हटले की आपण मान खाली घालतो. तो तोटा कोणत्या काट्यावर मोजला, हे आपण आजवर एकदाही विचारलेले नाही.

आम्हीही विचारले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावची संध्याकाळची शेवटची गाडी बंद झाली. ती गाडी कुणाची होती हे इथे सांगत नाही, कारण मोजण्याची पद्धत सगळीकडे सारखीच आहे. पंधरा-वीस जण घेऊन आम्ही कचेरीत गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा दिला आणि एक तक्ता पुढे ठेवला. एका रकान्यात किलोमीटरमागे उत्पन्न, शेजारच्या रकान्यात किलोमीटरमागे खर्च. खर्च जास्त, उत्पन्न कमी. "आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. आकडे खोटे नव्हते. आमच्याकडे शेतकी कॉलेजची पदवी, उत्पादनखर्च काढण्यात आमची अर्धी हयात गेलेली, आणि त्या एका कागदापुढे आमची वाचा बसली. चहा पिऊन आम्ही परत आलो.

त्या गावातली एक मुलगी कोल्हापूरला कॉलेजात जात होती. संध्याकाळचे प्रात्यक्षिक संपवून ती त्याच गाडीने घरी यायची. गाडी गेली आणि पुढच्या वर्षी तिचे नाव कॉलेजच्या पटावरून गेले. त्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. तो रकाना कुठे काढायचा आणि त्यात काय भरायचे, एवढेच आज आम्हाला बोलायचे आहे.

किलोमीटरमागचा रुपया

आपल्या जिल्ह्यात सार्वजनिक गाड्या दोन प्रकारच्या. एक एस.टी. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. दुसरी के.एम.टी. ती १९६२ सालापासून कोल्हापूर शहराची गाडी आहे. पण शहराची म्हणून ती कधीच शहराच्या वेशीवर थांबली नाही. आसपासची गावे तिच्यावरच शहराशी बांधली गेली. दूध, भाजी, शाळा, सीपीआरचा केसपेपर, शिरोली आणि गोकुळ शिरगावची पाळी, हे सगळे त्या गाडीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असते.

या गाड्या नीट चालतात की नाही हे पाहायला वाहतूकवाल्यांची ठरलेली मापे आहेत. ताफ्यातल्या किती गाड्या रोज रस्त्यावर येतात, एक गाडी दिवसाला किती किलोमीटर धावते, लिटरमागे किती किलोमीटर पडतात, गाडीमागे माणसे किती, वाटेत बंद किती वेळा पडते, भारमान किती, आणि किलोमीटरमागे उत्पन्न व खर्च किती. ही मापे वाईट नाहीत. गाडी डेपोत पडून राहिली तर कुणाला तरी जाब विचारता आला पाहिजे. आम्ही या मापांच्या विरोधात नाही. पण एवढ्याच मापांवर गावच्या गाडीचा निकाल लावला तर काय होते, ते पाहा.

आधी भारमान. समजा चाळीस खुर्च्यांची गाडी सकाळी सातला गावातून सुटली. चाळीसही खुर्च्या भरलेल्या. ती कोल्हापुरात रिकामी झाली आणि परत येताना चार माणसे घेऊन आली, कारण सकाळी कोल्हापुरातून गावाकडे जाणार कोण? संध्याकाळी याच्या उलट. आता हिशेब करा. जाता-येता मिळून ऐंशी खुर्च्या, बसली माणसे चव्वेचाळीस. भारमान पंचावन्न टक्के. सकाळी जिच्यात चढायला जागा नाही, ती गाडी कागदावर निम्मी रिकामी! ही त्या मार्गाची चूक नाही. गाव आणि शहर यांच्यातली माणसांची ये-जा भरती-ओहोटीसारखी आहे. हा मार्ग जीव तोडून धावला तरी कागदावर सहजासहजी भरणार नाही.

आता उत्पन्न. शहरातल्या दहा किलोमीटरच्या मार्गावर एक खुर्ची तीनदा विकली जाते. एक माणूस शिवाजी चौकात उतरला की दुसरा बसतो. समजा प्रत्येकाने दहा रुपये दिले, तर दहा किलोमीटरला तीस रुपये झाले, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. गावच्या वीस किलोमीटरच्या मार्गावर तीच खुर्ची एकदाच विकली जाते. जो गावात बसला तो शहरातच उतरणार. त्याने तीस रुपये दिले, तर किलोमीटरला दीड रुपया. खुर्ची भरलेलीच आहे, माणूस उलट लांबचा आहे, खिशातून पैसेही जास्त गेले आहेत, तरी तक्त्यात गावचा मार्ग शहराच्या निम्म्यावर. बागायत आणि कोरडवाहू एकाच उताऱ्याला तोलले, तर कोरडवाहूवाला आळशी ठरणारच.

ए-टू आणि सी-टू

उत्पन्नाची बाजू झाली. आता खर्चाची बाजू. इथे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. हमीभावाचे भांडण आपण वर्षानुवर्षे याच शब्दांत भांडतो आहोत. खिशातून रोख गेलेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफ.एल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की सी-टू. सी-टूवर दीडपट द्या, हे आपले मागणे. २०१८ च्या अंदाजपत्रकात दीडपटीची घोषणा झाली, ती धरली मात्र ए-टू अधिक एफ.एल.वर. म्हणजे शेतकऱ्याला पैसे द्यायची वेळ आली की लहान खर्च.

आता गावच्या बसकडे या. तिथे किलोमीटरमागचा जो खर्च दाखवतात त्यात डिझेल आहे, टायर आहे, चालक-वाहकाचा पगार आहे, कार्यशाळा आहे, कचेरीतला कारकून आहे, जुने कर्ज आहे. सगळा बोजा सगळ्या किलोमीटरांवर सारखा वाटलेला. म्हणजे गावाची गाडी बंद करायची वेळ आली की मोठा खर्च. पिकाच्या वेळी ए-टू आणि बसच्या वेळी सी-टू. दोन्ही वेळा काटा गावाच्या विरुद्धच झुकतो.

एक उदाहरण करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरची एक फेरी. पूर्ण खर्च किलोमीटरला सत्तर रुपये, म्हणजे २,८०० रुपये. तिकिटाचे उत्पन्न किलोमीटरला पंचेचाळीस, म्हणजे १,८०० रुपये. तक्ता सांगतो, फेरीमागे १,००० रुपये तोटा, बंद करा. बरे, बंद केली. वाचले काय? डिझेल, तेल, टायरची झीज. किलोमीटरला तीस रुपये धरा, म्हणजे १,२०० रुपये. चालक-वाहक महिन्याच्या पगारावर आहेत, ते डेपोत बसून राहिले तरी पगार द्यावाच लागतो. कारकून आहेच, कर्ज आहेच. म्हणजे बाराशे वाचवायला अठराशे घालवले. तोटा हजाराने कमी झाला नाही, सहाशेने वाढला! आणि पुढच्या वर्षी तोच कारकून, तेच कर्ज उरलेल्या थोड्या किलोमीटरांवर वाटले जाते. मग किलोमीटरमागचा खर्च आणखी वाढतो आणि आणखी एक गाव तक्त्यात तळाला येते. घर वाचवायला एकेक वासा काढून जाळायचा, असला हा प्रकार आहे.

आम्ही एकतर्फी बोलत नाही. ती गाडी आणि ते चालक-वाहक दुसऱ्या भरलेल्या मार्गावर लावणार असाल, तर हिशेब बदलतो. आणि गाडी जुनी होते, तेव्हा नवीन घ्यायला पैसा कुणाला तरी घालावा लागतोच. तेव्हा सी-टू मोजायलाच हवा. पण मग दोन्ही हिशेब समोर ठेवा. फेरी बंद केल्याने खरोखर वाचणार किती, आणि ती चालू ठेवायला सगळे धरून लागणार किती. त्या दिवशी कचेरीत आम्ही पहिला आकडा मागायला हवा होता. आम्ही तो मागितला नाही, ही आमची चूक.

माप बदलले की उत्तर बदलते

कुणी म्हणेल, बसला रुपयाशिवाय दुसरे माप असूच शकत नाही. आहे, आणि ते सरकारनेच केलेले आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००९ साली शहरी वाहतुकीसाठी सेवेची मापे ठरवली. त्यात चार दर्जे केले. हजार लोकवस्तीमागे ०.६ किंवा जास्त बस असतील तर पहिला दर्जा, ०.२ पेक्षा कमी असतील तर चौथा. थांब्यावर सरासरी चार मिनिटांच्या आत गाडी मिळाली तर पहिला दर्जा, दहा मिनिटांहून जास्त थांबावे लागले तर चौथा. हे लेकराबाळांसकट थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूचे माप आहे.

हे माप कोल्हापूरला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. पहिल्या दर्जासाठी सुमारे ३३० बस लागतात. चौथ्या दर्जातून नुसते बाहेर पडायलाच ११० लागतात. पंतप्रधान ई-बस सेवेतून कोल्हापूरला १०० बस मंजूर झाल्या. त्या एकट्या धरल्या तर हजारी ०.१८ पडतात. आणि हा भागाकार फक्त शहराच्या लोकसंख्येने केला आहे. रोज सकाळी शहरात येणारी गावे त्यात धरलेलीच नाहीत. पंगतीला दोनशे पाने वाढायची आणि भात शंभर पानांचा शिजवायचा, तसे हे आहे.

परदेशातही पाहा. अमेरिकेत दोन लाखांहून कमी वस्तीच्या नागरी भागांसाठी २००५ च्या कायद्याने एक पद्धत आणली. सहा मापे ठरवली. दरडोई गाडी किती मैल धावली, किती तास धावली, दरडोई प्रवाशांच्या फेऱ्या किती, प्रवाशांचे मैल किती. आणि गाडीच्या एका मैलामागे व एका तासामागे प्रवाशांचे मैल किती. दोन लाख ते दहा लाख वस्तीच्या शहरांची सरासरी काढायची आणि लहान शहराने ज्या ज्या मापात ती सरासरी गाठली, त्या त्या मापामागे केंद्राचा जादा पैसा द्यायचा. सहापैकी एकाही मापात तिकिटाचा पैसा नाही, हे लक्षात घ्या. व्यापाराचा देश तो, पण लहान गावाच्या बसला तो गल्ला विचारत नाही. तुझ्या माणसांना गाडी किती मिळाली आणि ती किती वापरली गेली, हे विचारतो.

त्या पद्धतीतही खोट आहे. जिथे सेवा आधीच चांगली, तिथेच जादा पैसा जातो. ज्याचे पीक जोमदार त्यालाच खत, असे होऊ शकते. म्हणून आम्ही कुणाची पद्धत उचलून आणा असे म्हणत नाही. मापात प्रवासी आला की पैशाची वाट बदलते, एवढेच यातून घ्यायचे.

कर, सवलत आणि तोटा

आपल्या चळवळीत काही जण कुरबूर करतात. म्हणतात, आपण घामाचे दाम मागतो, भीक मागत नाही. मग बससाठी अनुदान कशाला मागायचे? प्रश्न रास्त आहे. पण आधी कोण कुणाला देते आहे ते पाहू. एस.टी.च्या तिकिटावर वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर लावला गेला. म्हणजे खेड्यातला माणूस तिकीट काढतो तेव्हा तो सरकारला कर देतो. मोटारीतून एकटा जाणारा असा प्रवासी कर देत नाही. एका हाताने तिकिटातून घ्यायचे, दुसऱ्या हाताने थोडे परत करायचे आणि त्याला मदत म्हणायचे, ही रीत शेतकऱ्याला नवी नाही.

सवलतींचेही तसेच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या वृद्धांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. खेड्यातल्या शाळकरी मुलींना मोफत पास त्याआधीपासून आहे. आम्ही या सवलतींचे स्वागतच करतो. निम्मे तिकीट झाल्यावर गाड्यांत बायकांची गर्दी वाढली, ती आपण डोळ्यांनी पाहिली. माहेर, दवाखाना, बाजार, देवदर्शन, किती कामे पैशावाचून अडली होती ते त्या गर्दीने दाखवले. पण सवलत सरकारची आणि गाडी महामंडळाची. सरकारने सवलतीचे पैसे वेळेवर भरले नाहीत, तर तेवढा खड्डा गाडीच्या वहीत दिसतो. मग लोक म्हणतात, एस.टी. बुडाली. उधारीवर माल नेणाऱ्याने पैसे थकवायचे आणि दुकानदाराला नादार म्हणायचे!

म्हणून आम्ही 'अनुदान' हा शब्दच वापरणार नाही. फेरी चालवून घ्यायची असेल तर तिची किंमत द्यायची, याला खरेदी म्हणतात. गाव, शहर, जिल्हा, सरकार, जे कुणी ती फेरी हवी म्हणते, त्याने ती विकत घ्यावी. जो विकत घेतो त्याला माप पाहण्याचा हक्क असतो. फुकट मिळाले की काटा दुसऱ्याच्या हातात राहतो.

पैसा कुणी घालायचा

आता सगळ्यात अवघड भाग. हे ऐकून आपल्यातलेच काही नाराज होतील.

हद्दवाढीचे भांडण सगळ्यांना माहीत आहे. शहर ६६.८२ चौरस किलोमीटरात कोंडले आहे. शेजारची गावे शहरात यायला तयार नाहीत, कारण घरफाळा वाढेल आणि शेतजमिनीवर आरक्षणे पडतील अशी त्यांना भीती आहे. ती भीती खोटी नाही. २०१७ साली हद्दवाढीऐवजी ४२ गावांचे कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले. तेव्हापासून एक बोलणे वारंवार कानावर येते. तुम्हाला शहरात यायचे नाही, कर द्यायचा नाही, मग शहराच्या पैशावर चालणारी बस कशाला हवी? गावाकडून उत्तर जाते, तुमचे दूध, तुमची भाजी, तुमचे कामगार कुठून येतात? दोघेही खरे बोलतात आणि दोघांच्या भांडणात गाडी थांबते.

हे कोडे पुण्यात एका बाजूने सोडवले गेले. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन वाहतूक संस्था मिळून पी.एम.पी.एम.एल. झाली. तूट येईल ती पुणे महापालिकेने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के भरायची, असे ठरले. तिथे सगळे सुरळीत आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हद्द कुणाची हा प्रश्न वेगळा आणि गाडीचा पैसा कुणी घालायचा हा प्रश्न वेगळा, एवढे त्यातून सिद्ध झाले. दोन घरांची चूल वेगळी राहू शकते आणि विहीर सामाईक असू शकते. पाण्याची पाळी आणि मोटारीचा खर्च मात्र लिहून ठेवावा लागतो.

फ्रान्सने आणखी एक वाट काढली. १९७१ साली पॅरिस भागात आणि १९७३ पासून इतर मोठ्या शहरांत, ठरावीक संख्येहून जास्त कामगार असणाऱ्या मालकांकडून पगारपत्रकावर वाहतुकीचा वाटा घ्यायला सुरुवात झाली. पुढे तो हक्क लहान शहरांनाही मिळाला. विचार सरळ आहे. कामगार वेळेवर कारखान्यात पोचतो याचा फायदा मालकालाही आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींना हा विचार लागू पडत नाही काय?

आमचे म्हणणे असे. गावच्या मार्गाची तूट चौघांनी वाटून घ्यावी. महापालिकेने, कारण बाजारपेठ तिची. प्राधिकरणाने, कारण गावातल्या बांधकामांचे विकास शुल्क तिथे जाते. उद्योग वसाहती आणि बाजार समितीने, कारण माणूस आणि माल दोन्ही त्यांच्याकडे जातो. आणि चौथा वाटा गावाने. होय, गावाने. समजा एका मार्गाला किलोमीटरमागे वीस रुपये कमी पडतात आणि दिवसाला शंभर किलोमीटर होतात. दिवसाला दोन हजार, वर्षाला सव्वासात लाखांच्या वर. त्यातला चौथा हिस्सा पाच गावांनी वाटून घेतला, तर गावाला वर्षाला ३६,५०० रुपये, म्हणजे दिवसाला शंभर रुपये येतात. जत्रेतल्या तमाशाची सुपारी किती असते, ते इथे विचारत नाही.

केंद्राच्या ई-बस योजनेकडेही याच नजरेने पाहा. १६ ऑगस्ट २०२३ रोजी ती मंजूर झाली. १०,००० बस, खासगी ठेकेदाराकडून चालवायच्या, पैसा किलोमीटरवर. केंद्राची मदत मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मध्यमला २२, लहानला २०, आणि तीही दहा वर्षे. यात दोन गोष्टी नजरेआड करू नका. पहिली, ठेकेदाराला पैसा किलोमीटरचा मिळतो. गाडी भरली काय, रिकामी धावली काय, त्याला सारखेच. म्हणून ती कुठून कुठे आणि किती वाजता धावायची, हे ठरवताना गावांचा माणूस तिथे बसलेला पाहिजे. दुसरी, दहा वर्षांनी मदत संपते. त्या दिवशी पैसा कुठून येणार, हे आज लिहून घेतले नाही तर त्या गाड्यांचे शेड होते. नेहरू अभियानातून २००९ पासून शहरांना बस घ्यायला पैसा मिळाला, पण त्या चालवायला पुरेसा मिळाला नाही. नव्या गाड्या किती लवकर जुन्या होतात, ते अनेक शहरांनी तेव्हा पाहिले आहे. बैल घेऊन दिला म्हणजे वैरणीची सोय झाली असे होत नाही.

आपले काय चुकले

आपलेही चुकले. हातात चार पैसे आले आणि आपण मोटारसायकल घेतली. त्यात गैर काही नाही. पण घरातला एक माणूस मोटारसायकलवर बसला, बाकीचे चौघे फाट्यावर राहिले. गाडीसाठी भांडायला जो कचेरीत जाऊ शकत होता, त्याला आता गाडीची गरजच उरली नाही. उरल्या त्या म्हाताऱ्या, पोरीबाळी, मजूर बाया. त्यांचे म्हणणे कोण मांडणार? बस गेल्यावर वडाप आले. वडापवाला बिचारा पोटासाठी धावतो, पण तो भरल्याशिवाय सुटत नाही, रात्री येत नाही आणि पोरीचा पास चालवत नाही.

शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले, पुढे इतर समाजांची वसतिगृहे निघाली. खेड्यातले पोर शहरातल्या शाळेपर्यंत पोचावे, राहण्याखाण्यावाचून त्याचे शिक्षण अडू नये, म्हणून ती होती. त्या बोर्डिंगांनी किती मिळवले, असा तक्ता कुणी मांडला नाही. आज तेच काम संध्याकाळची एक बस करते. पोर शिकतेही आणि रात्री आपल्या घरी झोपतेही.

आता करायचे काय

ठराव आपण करूच. पण कचेरीतला तक्ता ठरावाने बदलत नाही, दुसऱ्या तक्त्याने बदलतो. म्हणून प्रत्येक गावाने एक शंभर पानी वही घ्यायची. थांब्याजवळच्या टपरीत किंवा दूध संस्थेत ती ठेवायची. दोन आठवडे, सुट्टीचा दिवस न वगळता, रोज पाच गोष्टी लिहायच्या.

गाडीची ठरलेली वेळ कोणती आणि ती आली किती वाजता. आलीच नाही तर तसे लिहा.
चढले किती, आणि जागा नाही म्हणून खाली राहिले किती.
चढणाऱ्यांत विद्यार्थी किती, कामगार किती, बाजाराला जाणारे किती, दवाखान्याला जाणारे किती.
गाडी चुकली त्यांनी काय केले. वडापने गेले, चालत गेले, की घरी परतले.
आणि शेवटचे: गाडी नाही म्हणून गेल्या वर्षात कुणाची शाळा, कुणाचे काम, कुणाचे औषध सुटले. इथे नाव लिहू नका, फक्त संख्या लिहा.

फुगवून एकही आकडा लिहू नका. गाडी रिकामी गेली तर रिकामी लिहा. आपण कारखान्याच्या काट्याला खोटा म्हणतो, आपला काटा खोटा निघाला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. एखाद्या फेरीला खरेच माणूस नसेल तर ती फेरी सोडून द्यायची आणि तिच्या बदल्यात हवी ती वेळ मागायची, एवढी तयारी ठेवा.

या वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या. वही लिहायचे काम शाळेतल्या पोरींना द्या. गाडी कधी येते आणि कधी येत नाही, हे त्यांच्याइतके कुणालाच पाठ नाही. सगळ्या वह्या मांडून आपण एक तक्ता करू आणि तो घेऊन महापालिकेत, एस.टी.च्या विभागीय कार्यालयात आणि प्राधिकरणात जाऊ. त्यांचा तक्ता त्यांनी ठेवावा, आपला आपण ठेवू. चहा या वेळीही घेऊ, पण उत्तर मिळाल्याशिवाय उठायचे नाही.

एवढे बोलून आम्ही थांबतो. आणि मघाची ती म्हातारी अजून इथे बसली आहे. बैठक संपल्यावर मोटारसायकलवाल्यांपैकी कुणीतरी आज तिला घरापर्यंत सोडा.